हर्थस्टोन: ३४०० डस्ट आहे, झिलियॅक्स करू की किलजेडन की रेनो?

शहापूरचा_पॅलाडिन

मंडळी जरा सल्ला पाहिजे. दोन-अडीच वर्षं माझं हर्थस्टोन (पत्त्यांचा ऑनलाइन गेम, आपण कार्डांचा डेक लावून समोरच्याशी खेळायचं) बंद होतं, २०२४ च्या दिवाळीत परत फोनवर टाकलं आणि आता रोज खेळुलालोय. बेळगावात उद्यमबागला सीएनसी मशीनवर कामाला आहे, शिफ्ट सुटली की घरी, त्यात सध्या विधानसभेच्या अधिवेशनामुळं गावात कुठं फिरायला जावं तर गाड्याच गाड्या, म्हणून रात्री जेवून दोन तास तरी खेळतोच. दुपारी चहाच्या सुट्टीत एखादा गेम होतो.

तर विषय असा की जुनी कार्डं डिसएन्चँट करून करून (म्हणजे मोडून) ३४०० डस्ट जमलंय, ज्यातनं हवं ते कार्ड बनवता येतं, आणि पॅक घ्यायचं गोल्ड ९०० आहे. २०२३ आणि २०२४ च्या सेटमधलं माझ्याकडं जवळजवळ काहीच नाही, कोअर सेट फुकट मिळतो म्हणून कसंतरी चाललंय. पॅलाडिन हा क्लास माझा पहिल्यापासूनचा, आणि वॉरियर थोडा थोडा. परवा एक भारी डेकचा कोड मिळाला तो पेस्ट केला तर तीन लेजंडरी आणि चार एपिक (कार्डांचे सगळ्यात दुर्मिळ दोन दर्जे) नाहीत म्हणून ६४०० डस्ट लागतंय म्हणाला. एवढं कुठनं आणायचं, पैसे घालायचे नाहीत हे नक्की आहे.

म्हणून ठरवलं की एक किंवा दोनच लेजंडरी करायच्या (म्हणजे क्राफ्ट), एकीला १६०० डस्ट. डोक्यात तीन नावं आहेत. झिलियॅक्स डीलक्स ३०००, जो तो हेच घालूलालाय असं दिसतंय. दुसरं नव्या ग्रेट डार्क बियाँड सेटमधला किलजेडन, समोरच्यानं काल तो टाकला आणि मी बघतच राहिलो. तिसरं बॅडलँड्समधला रेनो लोन रेंजर, कारण एकही कार्ड दोनदा नसलेला डेक मला लय आवडतो, आधी पण तसलेच खेळायचो. दोन केली तर ३२०० जाणार आणि २०० उरणार, ते काय उपयोगाचं नाही. चुकलं तर परत दोन महिने जमवत बसायचं, म्हणून विचारुलालोय.

निपाणीकर_वॉरियर

रेनो अजिबात करू नकोस भावा. तुझ्या तीन नावांत तेवढं एक कार्ड असं आहे की ते आत्ता घेणं म्हणजे मार्चमध्ये रडणं. बॅडलँड्स २०२३ चा सेट, फेस्टिव्हल ऑफ लेजंड्स आणि टायटन्स पण २०२३ चेच, नव्या वर्षाचा पहिला सेट आला की हे तिन्ही एकदम स्टँडर्डमधनं (जिथं फक्त नवे सेट चालतात) बाहेर. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये हे होतंय. म्हणजे तुझ्या १६०० डस्टला तीन-साडेतीन महिने मिळणार. वाइल्डमध्ये (जिथं जुनी कार्डं पण चालतात) चालतं म्हणा, पण तू वाइल्ड खेळत नसशील तर ते कार्ड नुसतं बघायला. आणि नंतर मोडलं तर १६०० चे ४०० हातात येतात.

हे माझ्या अंगावर बेतलंय म्हणून सांगालोय. २०२० च्या फेब्रुवारीत मी जुना झिलियॅक्स क्राफ्ट केला, बूम्सडेमधला, २०१८ चा. तेव्हा प्रत्येक डेकमध्ये होता म्हणून मला पण पाहिजेच होता. पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागलं, कोगनोळी नाक्यावर बॉर्डर बंद, कामाला कोल्हापूरला जाता येईना, घरात बसून आता निवांत खेळायचं म्हटलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा सेट आला तसा झिलियॅक्स गेला. दीड महिना पण नीट वापरला नाही. त्या दिवसापासून कुठलंही कार्ड करायच्या आधी मी आधी बघतो ते कुठल्या वर्षाच्या सेटमधलं आहे, ताकद नंतर.

वर्षातल्या पहिल्या सेटची कार्डं दोन वर्षं टिकतात, शेवटच्या सेटची जेमतेम सोळा महिने. झिलियॅक्स डीलक्स मार्च २०२४ चा, किलजेडन नोव्हेंबर २०२४ चा, दोघं पण २०२६ च्या वसंतापर्यंत आहेत, म्हणजे त्या हिशेबानं सारखेच. माझं मत झिलियॅक्सला.

टिळकवाडी_मेज

निपाणीकर म्हणतात ते बरोबर आहे, पण मी म्हणते आत्ता यातलं काहीच क्राफ्ट करू नको. आधी कार्डांचे पॅक उघड.

तुझ्याकडं ९०० गोल्ड आहे ना, म्हणजे नऊ पॅक. अजून १०० गोल्ड जमव, वीकली क्वेस्ट केल्या की येतंयच रिवॉर्ड ट्रॅकवर, आणि मग ग्रेट डार्क बियाँडचे दहा पॅक एकदम उघड. कुठल्याही सेटच्या पहिल्या दहा पॅकमध्ये एक लेजंडरी नक्की असते. तू अडीच वर्षं नव्हतास म्हणजे या सगळ्या सेटमध्ये तुझे पहिले दहा पॅक शिल्लकच आहेत, ही तुझी खरी ठेव आहे. पहिली मिळाली की पुढं मोजणी लांबते, चाळीस पॅकच्या आत दुसरी नक्की, अशी. म्हणून गोल्ड इकडं दोन पॅक, तिकडं तीन पॅक असं पसरून टाकू नको, एका सेटचे दहा पूर्ण कर, मग दुसऱ्याचे. २०२३ चे सेट सोडून दे, २०२४ चेच तिन्ही धर.

आणि क्रम उलटा करू नको. समज तू आज किलजेडन केलास, तर आता नियम असा आहे की त्या सेटच्या बाकीच्या लेजंडरी मिळेपर्यंत पॅकमधनं तो परत येत नाही, म्हणजे दुसरा येऊन वाया जाईल ही भीती नाही. पण कदाचित तो तुला पॅकमधनंच फुकट मिळाला असता, ती संधी तू स्वतःच घालवलीस. आधी पॅक, मग राहिलेलं क्राफ्ट.

अजून एक, कलेक्शनमध्ये सोनेरी कार्डं कुठली आहेत बघितलीस का? सोनेरी लेजंडरी मोडली तर पूर्ण १६०० येतात, सोनेरी एपिकचे ४००, रेअरचे १००, कॉमनचे ५०. म्हणजे साधं कार्ड करायला जेवढं लागतं तेवढंच, कॉमनला तर दहा जास्त. जो क्लास तू हातात धरत नाहीस त्यातलं एखादं सोनेरी पडलेलं असलं तर आधी ते मोड. साधी मात्र मोडू नको, एपिक चारशेला करायचं आणि शंभराला मोडायचं यात पाऊण हिस्सा जातो.

शहापूरचा_पॅलाडिन

थँक्यू दोघांना पण. रेनो डोक्यातनं काढला, तारीख मी बघितलीच नव्हती. सोनेरी एक एपिक आहे डीमन हंटरचा, तो क्लास मी कधी खेळलेलो नाही, तो आत्ताच मोडला, ३८०० झाले.

पण माझं मन अजून किलजेडनवर आहे हो. तो टाकला की उरलेला डेक जातो आणि त्याच्या जागी डीमनचं न संपणारं पोर्टल येतं, आणि दर टर्नला पुढचे डीमन दोन-दोननं तगडे होत जातात. वॉरियरमध्ये कार्ड संपून मरायची भीतीच नाही. ते सोडून झिलियॅक्ससारखं सगळ्यांकडं असलेलं कार्ड घेऊ काय?

खानापूर_जंगलवाला

सगळ्यांकडं असणं हा त्या कार्डाचा दोष नाही गा, तोच त्याचा गुण आहे. झिलियॅक्स न्यूट्रल (कुठल्याही क्लासमध्ये चालतो), आणि त्याचे दोन मॉड्यूल (ताकदीचे भाग) आपण निवडायचे, एकदा क्राफ्ट केलं की सगळे मॉड्यूल तुझे. पॅलाडिनमध्ये एक जोडी लाव, वॉरियरमध्ये दुसरी. १६०० मध्ये तू एका डेकचं कार्ड घेत नाहीस, पुढच्या सव्वा वर्षात जे काय खेळशील त्या प्रत्येक डेकमधली एक जागा भरून टाकतोस. किलजेडन पण न्यूट्रल आहे खरा, पण तो फक्त सावकाश खेळणाऱ्या डेकचा. सात मानाचा (माना म्हणजे कार्ड टाकायचा खर्च, दर टर्नला एक वाढतो), त्याच्या आधी बोर्ड सांभाळायला जी कार्डं पाहिजेत ती तुझ्याकडं आहेत काय? तूच म्हणतोस २०२३-२४ चं काही नाही. मग सातव्या टर्नपर्यंत जगणार कसा, तिथपर्यंत पोचलास तरच पोर्टल.

आणि तूच लिहिलंस चहाच्या सुट्टीत एक गेम होतो म्हणून. कंट्रोल (बचाव करत सावकाश खेळायच्या) वॉरियरचा एक गेम वीस मिनिटं सहज खातो, तेवढ्यात सुपरवायझर येऊन उभा राहील. पॅलाडिनचा गेम सात-आठ मिनिटांत इकडं किंवा तिकडं. आपण खेळतो कधी, किती वेळ, ते धरून कार्ड घ्यायचं, समोरच्यानं टाकलेलं बघून नाही.

मी काय करतो सांगतो. डेक कोड पेस्ट केला की जी कार्डं नाहीत त्यांच्या जागी हाताशी असलेली त्याच मानाची कॉमन-रेअर घालतो आणि वीस गेम तसाच खेळतो. फोनच्या शेजारी वही ठेवलेली असते, पोरगीच्या जुन्या गणिताच्या वहीची मागची पानं. हरलो की एकच ओळ लिहायची, कशानं हरलो. चौथ्या टर्नला बोर्डवर काही नव्हतं, हातात कार्ड संपलं, हील (गेलेलं आयुष्य भरून देणारं) नव्हतं, असं. वीस गेम झाल्यावर वाचायचं. गेल्या महिन्यात मला वाटत होतं हंटरला एक मोठी लेजंडरी कमी पडते, आणि वहीत नऊ वेळा निघालं ‘दुसऱ्या टर्नला काही नाही’. दोन रेअर केली, २०० डस्ट, आणि सिल्व्हरमधनं गोल्डला गेलो. लेजंडरीचे १६०० अजून तसेच आहेत. ६४०० चा आकडा बघून घाबरू नको, त्या डेकमधल्या तीन लेजंडरीपैकी एखादीच खरी चालवणारी असते, बाकीच्या सजावट. एचएसरीप्ले या आकडेवारीच्या साइटवर कार्डवार विन रेट दिसतो तो पण बघ, कुठलं कार्ड हातात आलं की डेक जास्त जिंकतो ते कळतं.

दहा पॅकबद्दल टिळकवाडीकरांशी मी पूर्ण सहमत नाही. नव्या सेटचा मिनी सेट (सेटला मधेच जोडली जाणारी थोडी कार्डं) थोड्या दिवसांत येईल, त्यात सगळी कार्डं एकगठ्ठा मिळतात, लेजंडरी धरून, नशिबाचा प्रश्नच नाही. मी गोल्ड त्यासाठी राखतो.

टिळकवाडी_मेज

तुमच्याकडं बाकीचा सेट आहे म्हणून तुम्हाला मिनी सेट परवडतो. त्याला २००० किंवा जास्त गोल्ड लागतं, ह्याच्याकडं ९०० आहे आणि मूळ सेटचं एक कार्ड नाही. मिनी सेटमधली कार्डं मूळ सेटच्या जोडीला बनवलेली असतात, आता मूळ सेटमधल्या स्टारशिपचे तुकडेच नसतील तर त्याला जोडणारं कार्ड घेऊन काय करणार? नवीन किंवा परत आलेल्या माणसानं आधी पहिले दहा पॅक, पुढच्या वेळेपासून मिनी सेट.

खानापूर_जंगलवाला

हे पटलं. त्याच्या परिस्थितीत आधी पॅक.

निपाणीकर_वॉरियर

एक राहिलं. झिलियॅक्स एवढा सगळीकडं आहे तर त्याला नर्फ बसेल (कंपनी ताकद कमी करेल) म्हणून काही जण घाबरतात, ते उलटं आहे. नर्फ बसला तर साधारण दोन आठवडे तेच कार्ड मोडून पूर्ण डस्ट परत घेता येतं. २०१८ च्या सुरुवातीला मी कॉरिडॉर क्रीपर दोन केले होते, एपिक, ८०० डस्ट, सगळे म्हणाले वेडा आहेस, आता नर्फ होणार. फेब्रुवारीत झाला, ८०० च्या ८०० परत आले, आणि तोपर्यंत त्याच्यावरच जिंकत होतो. धोका असतो तो कुणीच खेळत नाही अशा कार्डात, ते पडूनच राहतं आणि शेवटी चारशेला मोडावं लागतं.

आणि पॅक उघडायच्या आधी सर्व्हर एशियाच आहे ना बघून घे. फोन बदलल्यावर एकदा माझं युरोपला लॉगिन झालं होतं, तिथं कलेक्शन वेगळं, एक पण कार्ड दिसेना, घाम फुटला होता.

शहापूरचा_पॅलाडिन

सर्व्हर बघितला, एशियाच आहे.

आमच्या शॉपमधला एक कन्नड दोस्त पण हाच गेम खेळतो, त्याला सकाळी सगळं वाचून दाखवलं, तो एवढंच म्हणाला ‘स्वल्प तडी’ (जरा थांब). तर थांबलो. रविवारी वीकली क्वेस्ट संपवून १००० गोल्ड केलं आणि ग्रेट डार्क बियाँडचे दहा पॅक एकापाठोपाठ उघडले. सात पॅक नुसते रेअर आणि एक एपिक, आठव्याला कार्ड पालथं असतानाच कडेनं केशरी उजेड दिसला, आईला हाक मारली बघ म्हणून. प्रीस्टची लेजंडरी निघाली. प्रीस्ट मी खेळत नाही, पण मोडली नाही, टिळकवाडीकरांनी सांगितलं ते लक्षात होतं.

तोपर्यंत पॅलाडिनचे चौदा गेम वहीत लिहिलेत. सहा वेळा ‘मागं पडलो, हील नाही’ असं आलंय. किलजेडननं यातला एक पण गेम वाचला नसता हे मला वाचूनच कळालं, त्याचं पोर्टल उघडायच्या आधीच मी मेलेला असायचो. झिलियॅक्सला हीलवाला मॉड्यूल लागतो म्हणून तोच करतो, १६०० जाऊन २२०० राहतील. अजून सहा गेम बाकी आहेत ते करून मगच बटण दाबणार. या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, सकाळी खेळून सांगतो. हीलच्या जोडीला दुसरा मॉड्यूल कुठला घालू तेवढं कुणीतरी लिहून ठेवा.