श्वासाकडे लक्ष द्या म्हणतात, पण माझं तर तिथेच अडकतं! माइंडफुलनेसचा वर्ग लावू का?

बेदाणावाला

नमस्कार मंडळी. वय ४४, राहायला कळव्याला. वाशीच्या मसाला मार्केटात एका सुकामेव्याच्या गाळ्यावर हिशेब बघतो.

फेब्रुवारीत ठाण्याहून सुटलेली पनवेल गाडी ऐरोलीच्या अलीकडे वीसेक मिनिटं उभी राहिली. एवढंच झालं. पण मला एकदम हाताला मुंग्या, छातीत धडधड, घाम. वाटलं, संपलं आता. शेजारच्याने पाण्याची बाटली पुढे केली, तिचं झाकण मला फिरवता येईना. नंतर ईसीजी, टूडी एको, ट्रेडमिल सगळं करून झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, 'टेन्शन घेऊ नका.' दिवा स्टेशनला गाडीत शिरताना 'ढकलू नका' म्हणण्यातलाच प्रकार!

तेव्हापासून बसने जातो, दीड तास जास्त मोडतो. त्यात जीएसटीचं थ्री-बी विवरणपत्र भरायची २० तारीख जवळ आली की पहाटे तीनला टक्क जाग. शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. घरी सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जातोय. 'याला ठाण्याला पाठवा' हा तिथल्या मनोरुग्णालयावरचा विनोद ऐकत लहानाचा मोठा झालो, आणि मी तर ठाण्यातलाच. त्यांनी एसिटालोप्राम ही चिंतेवरची गोळी दिली आणि जमलं तर आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे लक्ष द्यायच्या सरावाचा, वर्गही करा म्हणाले. गोळीची पट्टी अजून टेबलाच्या खणात आहे, तशीच.

फोनवरचं एक ध्यान लावून बघितलं. 'श्वासाकडे लक्ष द्या.' दिलं. तिसऱ्या मिनिटाला वाटायला लागलं की श्वास पुरत नाहीये. कानातलं काढून फेकलं. बायको म्हणते, सरळ इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन या. कुणी खरंच केलंय का यातलं काही? की नुसतं फॅड?

घणसोलीकर

इगतपुरी आत्ता नको दादा. मी करून आलोय. दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा, रोज दहा तासांच्या आसपास बैठक. मला फार मानवलं. पण अर्जातच मानसिक त्रास, औषधं यांबद्दल विचारतात, आणि ते उगाच नाही. ज्याला तीन मिनिटं श्वास बघवत नाही त्याने तिथे चौथ्या दिवशी काय करायचं? वहिनींना सांगा, नंतर बघू.

पाचपाखाडीची ताई

भाऊ, मी बँकेत कॅशला होते, आता निवृत्त. कॅश जुळूनसुद्धा रात्री उठून मनात नोटा मोजायचे. दोन वर्षांपूर्वी हा आठ आठवड्यांचा वर्ग केला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फॅड नाही. जॉन कबात-झिन नावाच्या गृहस्थांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात हा अभ्यासक्रम सुरू केला, तोही जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी. आठवड्यातून एकदा अडीच तास, मध्ये एक पूर्ण दिवस, आणि घरी रोज पाऊण तास सराव. खरी गोम त्या पाऊण तासात आहे. आमच्यातल्या निम्म्या जणांचं घोडं तिथेच अडलं.

तुमच्या गोळीशीच याची तुलना झालेली आहे. २०२२ साली जामा सायकायट्री या वैद्यकीय नियतकालिकात आली. चिंताविकाराचं निदान झालेली २७६ प्रौढ माणसं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एकाला हा वर्ग, दुसऱ्याला एसिटालोप्राम. एक ते सातच्या मोजपट्टीवर वर्गवाल्यांचा त्रास सरासरी १.३५ने उतरला, गोळीवाल्यांचा १.४३ने. म्हणजे वर्ग गोळीच्या मागे पडला नाही. 'गोळीपेक्षा भारी' असं मात्र कुठेही म्हटलेलं नाही, व्हॉट्सॲपवर काहीही फिरो. दुष्परिणामांत फरक मोठा: गोळीवाल्यांपैकी साधारण ७९ टक्क्यांना काही ना काही झालं, वर्गवाल्यांपैकी १५ टक्क्यांना. पण वर्गाचाही त्रास होऊ शकतो हेही त्यातच आलं. आणि २७६ पैकी शेवटपर्यंत टिकले २०८.

आता तुमच्या श्वासाचं. मलाही तिसऱ्या आठवड्यात हेच झालं होतं. ज्याला श्वासाचीच भीती बसलीये त्याला श्वासावर बसवलं की तो प्रत्येक श्वास तपासायला लागतो, आपण हजाराच्या नोटा उजेडात धरायचो तसा. आमच्या वर्गाच्या बाईंनी सांगितलं, श्वास सोडून द्या, पायाशी या. तळवा जमिनीला कुठे टेकतोय? टाच जड की चवडा? चपलेचा अंगठा कुठे रुततोय? मन पळेल. पळालं की रागावायचं नाही, हाताला धरून परत पायाशी आणायचं. शंभरदा पळालं तर शंभरदा. हाच व्यायाम आहे, बाकी मन रिकामं-बिकामं काही करायचं नसतं.

आणि धडधड थांबवायला हे करू नका, तिथेच फसगत होते. 'थांबली का? अजून नाही?' असं करत बसलात तर ती वाढते. मला फरक पडला तो असा: 'मी मरतेय'च्या जागी 'छाती धडधडतेय, हात गार पडलेत' एवढंच म्हणता यायला लागलं. धडधड व्हायचीच. पण तिच्यावर दुसरी भीती चढायची थांबली.

गंमत सांगते. पहिल्या दिवशी हातावर एक बेदाणा ठेवतात आणि पाचेक मिनिटं तो एकच खायला लावतात. बघायचा, हुंगायचा, कानाशी धरायचा, मग जिभेवर. तुम्ही तर पोत्यांच्या शेजारी बसता!

तर्कटराव

थोडक्यात, आपलंच ध्यान तिकडे जाऊन इंग्रजी पॅकिंगमध्ये परत आलं आणि आता फी भरून घ्यायचं. वा.

पाचपाखाडीची ताई

बौद्ध ध्यान आणि योगासनांतूनच घेतलंय, ते स्वतः कबूल करतात. पण आपलं होतं म्हणून तुम्ही रोज करता का, तर्कटराव?

नर्स_कोपरखैरणे

दादा, ईसीजी झाला, पण थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलंत का? थायरॉइड वाढला तरी अशीच धडधड होते. चहा किती होतो तेही मोजा. गोळी घेणार नसाल तर तसं डॉक्टरांना सांगा, खणात ठेवून त्यांना अंधारात ठेवू नका. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरू केलीत तर मनाने एकदम बंद करायची नाही. गोळी आणि वर्ग दोन्ही चालतं, एक दुसऱ्याच्या आड येत नाही. रात्री तीनला फारच झालं तर १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

बेदाणावाला

नऊ दिवसांनी लिहितोय, मध्ये २० तारीख होती.

थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन ठीक. चहा मोजला, अकरा निघाले. गाळ्यावर कटिंग येतच राहतो, कोण मोजतो. सहावर आणलाय.

ताई, बेदाणा करून बघितला. दुपारी शेठ जेवायला गेल्यावर. तेरा वर्षं हा माल बिलात चढवतोय, पण त्याच्या एका टोकाला देठाची बारीक खूण असते आणि ती जिभेला टोचते, हे मला माहीतच नव्हतं. हमाल विचारत होता, साहेब, माल खराब आहे का?

डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. गोळी परवापासून सुरू, अर्धीच. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, दातांच्या डॉक्टरची पावती कधी दिसली नाही, तेव्हाच कळलं होतं. वर्ग पुढच्या रविवारपासून आहे, नाव घातलंय.

आणि काल गाडीत बसलो. ठाण्याच्या नऊ नंबर फलाटावरून, दाराशी. दिघा गावापर्यंत पायाचे तळवे धरून होतो, मग एकदम सगळं वर आलं आणि ऐरोलीला उतरलो. फलाटावर उभा राहून दोन गाड्या सोडल्या, तिसरी घेतली. मार्केटला चाळीस मिनिटं उशीर.

उद्या घणसोलीपर्यंत न उतरता बघतो. पाय टेकायला जागा मिळाली तर.