मुलांचा कोकम-आगळाचा घरगुती व्यवसाय: नोंदणी कोणाच्या नावावर करावी?

प्रश्न (डिचोलीची आई):
आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) कोकमाची झाडे आहेत. यंदा मे महिन्यात माझी १६ वर्षांची मुलगी आणि १३ वर्षांचा मुलगा यांनी आजीच्या हाताखाली आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) करून शेजारीपाजारी विकले. आता म्हापशाच्या एका दुकानदाराने वर्षभर माल मागितला आहे. नोंदणी मुलांच्या नावावर होईल का, आणि आम्ही मोठ्यांनी यात किती लक्ष घालावे?

उत्तर (करसल्लागार, फोंडा):
ताई, १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही. म्हणून दुकानदाराशी व्यवहार आणि एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आपल्याच नावावर ठेवावी. तिचा १४ अंकी क्रमांक लेबलवर हवाच, शिवाय वजन किंवा माप, कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिनाही हवा. मुलाच्या वयाची चिंता नको, कारण २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या बालकामगार कायद्यानुसार १४ वर्षांखालील मुलांनाही शाळा सांभाळून, धोका नसलेल्या घरच्या व्यवसायात मदत करता येते.

उत्तर (आगळवाली, सत्तरी):
कागदपत्रे होतील, पण खरी अडचण ‘वर्षभर’ या शब्दात आहे. कोकम उन्हाळ्यातच पिकते आणि पावसाने झोडपले की फळ झाडाखाली कुजते; त्यामुळे मे महिन्यात जेवढ्या बाटल्या भरल्या असतील, तेवढ्यांचाच शब्द दुकानदाराला द्यावा. गिऱ्हाइकाला खारट लागते म्हणून मीठ कमी करण्याचा मोह मुलांना होईल, तो आजीने मोडून काढावा, कारण आगळ टिकते ते मिठावरच; मीठ कमी पडले की बाटली फसफसते. आंबट-खारट रस धातूला खातो, म्हणून साठवण चिनीमातीच्या किंवा काचेच्या बरणीतच करावी. कोकमाच्या बियांचे मुठेल (थिजलेले घट्ट तेल) घरच्यांच्या टाचांना खुशाल लावा, मात्र क्रीम म्हणून विकायचे झाल्यास सौंदर्यप्रसाधनाचा वेगळा परवाना लागतो.

उत्तर (निवृत्त शिक्षक, पेडणे):
मुलांना मदत करावी, पण तिची किंमत वहीत लिहावी, असे माझे मत आहे. बागेतली फळे, आजीचे श्रम आणि म्हापशापर्यंतचे पेट्रोल फुकट धरले, तर बाटलीमागे सुटणारा नफा खोटाच दिसेल आणि तो पाहून मुले भाव पाडतील. हिशेब धाकट्याकडे सोपवावा. मुलीच्या बारावीची परीक्षा कोकम पिकण्याआधीच आटोपेल, पण बाटल्या पोचवणे आणि दुकानदाराकडून वसुली करणे वर्षभर चालणार असल्याने ते काम तिच्या बाबांनी उचलावे.