घोटा मुरगळून बरेच महिने झाले, एक्स-रे साफ, तरी पाय मध्येच लचकतो. मदत हवी आहे

नमस्कार.

प्रश्न मुख्यतः माझ्या उजव्या घोट्याचा आहे. शेवटी आईच्या पायाच्या अंगठ्याबद्दलही विचारलं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढत नाही.

गेल्या वर्षी जिना उतरताना पाऊल आतल्या बाजूला वळलं. घोटा बाहेरून टम्म सुजला, दुसऱ्या दिवशी काळानिळा. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंची हाडं दाबून पाहिली, चालून दाखवायला सांगितलं, एक्स-रे काढला. फ्रॅक्चर नव्हतं. बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंचावर ठेवणं सगळं झालं. ठणका गेला, लंगडणं थांबलं, मी कामावर जायला लागले.

आता सपाट रस्त्यावर काहीच होत नाही. पण खडबडीत जमीन असली, किंवा चालता चालता कुणी हाक मारली म्हणून मागे वळून पाहिलं, की घोटा एकदम लचकतो. पडत नाही मी, पण काळजाचा ठोका चुकतो. दिवसभर उभं राहिलं की बाहेरच्या हाडापुढचा खळगा संध्याकाळी भरून येतो. शिवाय अधूनमधून सांध्यात खोलवर कळ येते, बोट ठेवून दाखवता येत नाही अशी.

सल्ल्यांना तोटा नाही. एकजण म्हणतात लिगामेंट (हाडांना जोडणारा चिवट बंध) तुटलंय, ऑपरेशनच करा. दुसरे म्हणतात जोर लावून मालिश करा. तिसऱ्यांच्या मते आता जन्मभर ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारं वेष्टन. डॉक्टर फिजिओकडे जा म्हणतात, पण व्यायामाने आतलं नेमकं काय दुरुस्त होणार हे कुणीच सांगत नाही. ते कळलं तर मन लावून करेन.

आईचं असं: अंगठ्याच्या मुळाचा सांधा दुखतो, वरच्या बाजूला टेंगूळ आलंय, चवड्यावर जोर दिला की कळ येते. लोकांनी परस्पर युरिक अ‍ॅसिड ठरवून तिचं निम्मं खाणं बंद केलंय. तपासणी झालेली नाही.

प्रतिसाद १

मालिशवाल्यांचं ऐकू नका एवढंच सांगायला आलो. माझाही घोटा असाच होता. चोळून घेतलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, लचकणं तसंच. तोलाच्या व्यायामांनी फरक पडला, पण ते इतके कंटाळवाणे आहेत की निम्मे लोक मध्येच सोडतात.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण "काय दुरुस्त होणार" हा प्रश्न अगदी योग्य आहे.

एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाहीत. त्यामुळे एक्स-रे साफ याचा अर्थ हाड मोडलेलं दिसत नाही, इतकाच. पाऊल आत वळतं तेव्हा बहुतेक वेळा आधी इजा होते ती बाहेरच्या हाडाच्या टोकापासून पुढे टालस नावाच्या हाडाकडे जाणाऱ्या लिगामेंटला. तुमचा भरून येणारा खळगा त्याच भागात आहे.

आता लिगामेंट हाडांना नुसतं बांधून ठेवत नाही. पाऊल कोणत्या कोनात आहे याची खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकंही त्यात असतात. दुखापतीनंतर ही खबर अर्धवट पोचते. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला पेरोनियल स्नायू असतात, पाऊल आत वळायला लागलं की ते त्याला बाहेर ओढून सावरतात. ते कमजोर झालेले असतात किंवा उशिरा जागे होतात. सपाट रस्त्यावर हे खपून जातं. मागे वळून बघता तेव्हा नजर जमिनीवरून हटते, डोळ्यांची मदत जाते आणि घोटा उघडा पडतो. लिगामेंट थोडं सैल राहिलं तरी स्नायू वेळेवर धावून आले तर पुष्कळांचा घोटा ठणठणीत चालतो. व्यायामाने सुधारायची ती ही ताकद आणि ही वेळ.

व्यायाम साधेच असतात. भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून, मग मऊ गादीवर. रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या दिशेला ओढायचं. टाचा उचलायच्या, आधी दोन्ही, मग एकच. पोटरी आखडली असेल तर ताण द्यायचा. हे नेटाने करायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. दुखलं नाही म्हणून चौथ्या आठवड्यात सोडून देणारे माझ्याकडे पुन्हा येतातच.

ऑपरेशन वाईट नाही. सैल लिगामेंट घट्ट करून शिवण्याची ब्रोस्ट्रॉम पद्धत १९६६पासून माहीत आहे. पण ती पाळी साधारणपणे काही महिने नीट व्यायाम करूनही घोटा लचकतच राहिला तर येते. ऑपरेशननंतरही हेच व्यायाम करावे लागतात, ते चुकत नाहीत.

मला खटकते ती तुमची खोल कळ. टालसचा सुमारे ६० टक्के पृष्ठभाग कुर्चेने (सांध्यातल्या गुळगुळीत थराने) झाकलेला असतो आणि त्याला रक्तपुरवठा बेताचाच. मुरगळताना त्या कुर्चेला, किंवा तिच्याखालच्या हाडाला टवका गेला तर साध्या एक्स-रेत तो निसटू शकतो. कळ नेमकी कधी येते? सांधा मध्येच अडकतो का?

प्रतिसाद ३

आईंच्या बाबतीत. युरिक अ‍ॅसिडचा झटका म्हणजे गाउट सहसा एकाएकी येतो, बऱ्याचदा रात्री. सांधा लालभडक, गरम, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. काही दिवसांत उतरतो. हळूहळू वाढलेलं दुखणं, वर टेंगूळ आणि अंगठा वर वाकवताना कळ हे वर्णन त्या सांध्याच्या झिजेशी जास्त जुळतं. त्यात कडक तळव्याची, पुढे किंचित गोलाई असलेली पादत्राणं बराच आराम देतात, कारण पाऊल उचलताना अंगठा वाकावा लागत नाही. उभं राहून काढलेला एक्स-रे हवा, झोपून काढलेल्यात सांध्यावरचा भार कळत नाही.

रक्ततपासणीवरही आंधळा विश्वास नको. ऐन झटक्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, आणि जास्त आलं म्हणजे गाउटच असंही नाही. शंका राहिली तर सांध्यातलं पाणी सुईने काढून त्यात स्फटिक आहेत का पाहतात. दोन्ही पायांचे चवडे दुखत असतील आणि सकाळी तासभर आखडलेले राहत असतील तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

मधुमेह असेल आणि पाऊल किंवा घोटा लाल, गरम, सुजलेला दिसला तर त्यावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, दुखत नसलं तरी. संवेदना कमी झालेल्या पायात हाडं आतून ढासळत असतात आणि वेदना पुरेशी होत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मधुमेह नाही, लालीही कधी दिसली नाही. एक्स-रे होईपर्यंत तिचं जेवण पूर्ववत करते, ती सगळ्यात खूश होईल!

माझी कळ उतार उतरताना जास्त येते. कधीकधी सांधा क्षणभर अडकल्यासारखा वाटतो, पाय झटकला की सुटतो. मग आधी एमआरआय की आधी व्यायाम? आणि व्यायामाच्या वेळी ब्रेस घालायचा का?

प्रतिसाद २

अडकणं आहे म्हणता, तर अस्थिरोगतज्ज्ञांना हे याच शब्दांत सांगा आणि एमआरआयबद्दल विचारा. तोवर रबरी पट्टा, टाचा उचलणं आणि एका पायावर उभं राहणं कळ न येईल इतपत चालू ठेवा. उड्या आणि पळणं अहवाल हातात येईपर्यंत नको. घरात तोलाचे व्यायाम ब्रेस काढून करा, नाहीतर स्नायूंना कामच उरत नाही. खडबडीत जागी चालायचं असेल तेव्हा ब्रेस जरूर घाला. अहवाल आला की इथे लिहा.