काचेला चिकटलेले फोटो, उधारीच्या वह्या: नेटवर कसं आणि काय टाकू?

लालबागचा भोंगा
चाळीतल्या दोन खोल्यांत गिरणगावचं छोटं संग्रहालय चालवतो. मागावरचे धोटे, गैरहजरांच्या जागी लागणाऱ्या बदली कामगारांचे पास, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाची पत्रकं, खानावळीच्या वह्या. एका वहीत एका नावापुढे रकमेऐवजी फक्त ‘संपानंतर’ लिहिलंय. मी तर बघतच राहिलो. आता हे सगळं नेटवर टाकायचंय. पण पावसाळ्यात काही फोटो फ्रेमच्या काचेला चिकटले, आणि मोबाइलने काढले की ट्यूबलाइटच चमकते. काय करू?

स्कॅनरवाली
ओढून काढू नका हो, चेहरेच काचेवर राहतील! काचेसकट स्कॅन करा, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइलमध्ये. सीआयएस सेन्सरच्या पातळ स्कॅनरवर काचेआडचं धूसर येतं, सीसीडी सेन्सरवाला स्कॅनर शोधा. नेटवर लहान जेपीजी टाका.

परळकर, सध्या डोंबिवली
वह्या जपून. आजोबांची उधारी नातवंडांनी फेसबुकवर वाचायची का? आणि फोटोखाली नुसतं ‘गिरणी कामगार’ लिहू नका राव. साचेखातं (साचे म्हणजे माग) की कांडीखातं (सूत कांड्यांवर गुंडाळायचं), पाळी कुठली, जुन्यांना आत्ताच विचारून घ्या.

लालबागचा भोंगा
ताई, काच तशीच ठेवतो. दादा, पटलं. नावं झाकून ते एकच पान टाकतो, तेही घरच्यांना विचारून. खात्यांसाठी रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकांना बसवतो. ऐकू कमी येतं त्यांना, साच्यांच्या आवाजानं. ओरडून विचारावं लागेल.