समसा, सेवझे, लेघमेन : उइघुर जेवणातले शब्द

विचारणा

मुलगी कझाखस्तानात अल्माटीला एमबीबीएस करते. तिच्याकडे गेलो असताना दुपारी एका साध्याशा उइघुर हॉटेलात जेवलो. मेनू रशियन लिपीत, मुलगी अक्षर लावून वाचत होती. समसा, नान, कावाप, पोलो, चाय... काहीच विचारावं लागलं नाही. पुढे लगमन, साय, जुसाय, लाझा आले आणि आमचं गाडं अडलं. एकाच ताटातले निम्मे शब्द घरचे आणि निम्मे पार परके, असं का? शिवाय पाटीवर 'आसखाना' होतं. त्यातला 'खाना' म्हणजे जेवणच ना? आणि मराठीत उइघुर, उईगर, विगर यांतलं काय लिहावं?

प्रतिसाद

फार चांगला प्रश्न. उइघुर ही चीनच्या शिनजिआंग प्रांतातल्या उइघुर लोकांची, तुर्की कुळातली भाषा. काशगर, यारकंद, खोतान, तुर्फान ही तिची गावं ज्या वाटेवर आहेत, तिथे एका बाजूने फारसी शब्द आले आणि दुसऱ्या बाजूने चिनी. तुम्हाला कळले ते बहुतेक फारसीच्या वाटेने आलेले, त्याच वाटेने ते मराठीतही आले. कबाबचा 'कावाप' झाला, कारण तुर्की भाषांत शेवटच्या 'ब'चा 'प' होतो; किताबचंही तिथे 'किताप' होतं. तंदूरला ते 'तोनूर' म्हणतात, मांसाला 'गोश', कांद्याला 'पियाझ', जिऱ्याला 'झिरे'. चाय तेवढा मूळचा चिनी, पण तो सगळ्या जगाचाच.

मात्र शब्द ओळखीचा म्हणून पदार्थही ओळखीचा असेलच असं नाही. समसा तळत नाहीत. कणकेच्या पातळ पोळीत मटणाचे बारीक तुकडे, तितकाच कांदा, जिरं आणि मेंढीच्या शेपटीची चरबी भरतात, घडी घालून तोनूरच्या आतल्या भिंतीला चिकटवतात. बाहेर निघतो तेव्हा वरून खरपूस आणि आत रस्सा झालेला, पहिला घास जपूनच घ्यावा लागतो. त्याला मराठीत 'समोसा' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बटाटा येणार. म्हणून 'समसा'च ठेवावं.

पोलोमध्ये आणखी एक गंमत आहे. त्यात तांदूळ आणि मटणाच्या बरोबरीने गाजराच्या सळ्या असतात. गाजराला उइघुर शब्द 'सेवझे'. हा आपल्या ओळखीच्या 'सब्जी'चाच भाऊ, फारसी 'सब्ज' म्हणजे हिरवा यावरून आलेला. हिरव्याचा पाला, पाल्याची भाजी, आणि शेवटी केशरी-पिवळं गाजर, एवढा प्रवास त्या शब्दाने केला!

आता परके शब्द. हॉटेलात वाचलात तो 'लगमन' रशियन वळणाचा, उइघुर तोंडी तो 'लेघमेन' होतो. अस्सल तुर्की शब्दांची सुरुवात सहसा 'ल'ने होत नाही, तिथेच पाहुणा ओळखू येतो. चिनी 'लामिएन'वरून तो आला. 'ला' म्हणजे ओढणं. आणि खरोखरच ओढूनच करतात. मळलेल्या कणकेची बोटाएवढी जाड दोरी करून तेल लावून ताटात वेटोळी घालून मुरू देतात. मग दोन्ही हातांवर गुंडाळून ओढतात, फळीवर आपटतात, पुन्हा ओढतात. उकडून निथळलेल्या त्या तारांवर वरून घालतात ती मटण, कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो यांची परतलेली भाजी म्हणजे 'साय', हा चिनी 'त्साय'. 'जुसाय' ही लसणाच्या वासाची पात, तोही तिकडचाच. 'लाझा' म्हणजे तेलात घातलेली लाल मिरची, चिनी 'लाझ'.

म्हणजे ढोबळमानाने भट्टीतले शब्द पश्चिमेकडचे आणि कढईतले पूर्वेकडचे. अपवाद निघतील, पण मेनू वाचायला एवढं पुरतं.

प्रतिसाद

'खाना'बद्दल. तो जेवणाचा खाना नव्हे. फारसी 'खाना' म्हणजे घर, जागा. आपला दवाखाना, कारखाना, तोफखाना त्यातलेच. जेवण आहे ते शब्दाच्या सुरुवातीच्या 'आश'मध्ये. म्हणून आशखाना म्हणजे जेवणाचं घर. उलट आपली खानावळ 'खाणे' या क्रियापदावरून आलेली, म्हणून ती 'खाणावळ' अशीही लिहितात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आणि दोन्हींत 'खाना' दिसतो, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे.

तुमच्या पाटीवरचं 'आसखाना' कझाख आहे. उइघुरमधल्या 'श'चा कझाखमध्ये 'स' होतो. डोकं म्हणजे 'बाश', कझाखमध्ये 'बास'. दगड 'ताश', कझाखमध्ये 'तास'.

विचारणा

फार छान समजलं. पण अल्माटीत इतके उइघुर कसे? आणि नावाचं राहिलं.

प्रतिसाद

1881च्या करारात रशियाने इली खोऱ्याचा मोठा भाग चीनला परत केला, तेव्हा तिथले हजारो लोक सरहद्द ओलांडून अल्माटीच्या पूर्वेला वसले. 1962मध्ये आणखी मोठी लाट आली. अल्माटी प्रांतात आजही 'उइघुर' नावाचा तालुका आहे.

लिहिताना 'उइघुर'च लिहावं, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या उच्चारात मधला वर्ण घशातला 'ग़'सारखा आहे आणि शेवट 'उर' असा. 'उईगर' किंवा 'विगर' इंग्रजी बातम्यांवरून आलेले. शिनजिआंगमध्ये 2017पासून लाखो लोकांना छावण्यांत डांबलं गेलं, शाळांतून त्यांची भाषा हटवली गेली. अशा लोकांचं नाव तरी त्यांच्या उच्चाराच्या जवळ जाणारं असावं.

पुन्हा जाल तेव्हा एक शब्द जवळ ठेवा: 'चुश्लुक तामाक'. 'चुश' म्हणजे दुपार, 'तामाक' म्हणजे जेवण. यजमान 'एलिङ, एलिङ' म्हणाले तर तो 'घ्या, घ्या'चा आग्रह. नान हाताने मोडायचा आणि ताटात उपडा ठेवायचा नाही, ते त्यांना खटकतं. आभाराला 'रहमत' म्हणा, अल्माटीत उइघुर आणि कझाख दोघांनाही कळेल.