गोळ्यांनी ठणका थांबला, मग रूट कॅनाल कशाला?

एकांनी विचारलंय की अँटिबायोटिकने दाढेचं दुखणं गेलं, तर रूट कॅनालचा, म्हणजे दाढ आतून साफ करून बंद करण्याचा, खर्च कशाला. मीही हाच शहाणपणा केला होता. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कडक भाकरी अन् शेंगाची चटणी खाताना खालची दाढ अशी कळवळली की डोळ्यांत पाणी. पाच दिवस गोळ्या घेतल्या, गप्प बसली. दोन महिन्यांनी गाल असा सुजला की आरशात मीच मला ओळखेना.

एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसला, म्हणजे संसर्ग आत तसाच होता. आतली नस मेली की तिथला रक्तपुरवठाच बंद. मग रक्तातून जाणारं औषध पोचणार कुठून? म्हणून रूट कॅनालमध्ये दाढेला वरून भोक पाडून, केसासारख्या बारीक सुयांनी आतल्या नळ्या घासायच्या, औषधाने धुवायच्या आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद करायच्या. दाढेत अशा तीन-चार नळ्या असतात, म्हणून वेळ लागतो. बधीर केल्यावर मला नुसती खरखर जाणवली. जबडा मात्र पार आंबला!

आणि हो, नंतर दाढेवर बसवायच्या कॅपवर, म्हणजे टोपणावर, पैसे वाचवू नका. पोखरलेली दाढ भाकरीच्या एका तुकड्यानेही चिरू शकते, अन् चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढावीच लागते.