स्वतः रिकामी केलेली जागा त्याच आमदाराने पोटनिवडणुकीत लढवावी का?

कृष्णाकाठ, कागवाड
जुलै २०१९ मध्ये कर्नाटकातील सतरा आमदार पक्षांतराच्या कारणावरून अपात्र ठरले. त्यांत आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गोकाक, अथणी आणि कागवाडचे आमदार होते. पुढच्याच महिन्यात कृष्णा आणि घटप्रभेला महापूर आला. घर पडूनही पंचनाम्यात नाव नाही म्हणून तहसीलदार कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसाची बाजू विधानसभेत मांडायला या तिन्ही मतदारसंघांना आमदारच नव्हता, आणि ही स्थिती ५ डिसेंबरच्या पोटनिवडणुकीपर्यंत राहिली. त्या निवडणुकीत तेच तिघे दुसऱ्या पक्षातर्फे उभे राहून निवडून आले. विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष रमेश कुमार यांनी २०२३ पर्यंत, म्हणजे सभागृहाची मुदत संपेपर्यंत, त्यांना निवडणूक लढवण्यास बंदी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी अपात्रता कायम ठेवली, बंदी मात्र रद्द केली. न्यायालयाने आहे त्या कायद्याप्रमाणे निकाल दिला. माझी तक्रार कायद्याबद्दल आहे. ज्याच्या कृतीमुळे जागा रिकामी झाली, त्याला निदान त्या पोटनिवडणुकीत उभे राहता येऊ नये.

अथणीकर
पुरातील आपली व्यथा खरी आहे, तरी उपाय मला पटत नाही. कोणी उभे राहावे हे अध्यक्षांनी किंवा पक्षांनी ठरवू लागले, तर मतदाराच्या हातात काय उरते? आमच्या अथणीने महेश कुमठळ्ळी यांना २०१९ मध्ये पुन्हा निवडून दिले आणि २०२३ मध्ये घरी बसवले. कागवाडनेही तसेच केले, गोकाकने मात्र आपला आमदार ठेवला. तिन्ही निर्णय लोकांचे आहेत. शिवाय उद्या एखाद्या मराठी आमदाराने सीमाप्रश्नावर राजीनामा दिला आणि त्याच प्रश्नावर पुन्हा कौल मागायचे ठरवले, तर आपली बंदी त्याच्याच आड येईल.

न्यायालय रस्ता, बेळगाव
येथे राजीनामा आणि अपात्रता या दोन गोष्टींची गल्लत होत आहे. कागवाडच्या श्रीमंत पाटील यांनी राजीनामा दिलाच नव्हता. विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी पक्षादेश असूनही ते गैरहजर राहिले, म्हणून अपात्र ठरले. राजीनामा हा आमदाराचा हक्क आहे, आणि १९७४ च्या घटनादुरुस्तीपासून अध्यक्षांनी पाहायचे ते एवढेच, की तो स्वेच्छेने दिलेला आणि खरा आहे का. मात्र त्याआधी पक्षांतर घडले असेल, तर राजीनाम्याने अपात्रता धुऊन निघत नाही, हेही याच निकालात स्पष्ट झाले. खरी फट वेगळीच आहे. २००३ च्या घटनादुरुस्तीनुसार पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्याला सभागृहाची मुदत संपेपर्यंत किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, मंत्री होता येत नाही. त्यामुळे डिसेंबरात निवडून आलेले गोकाकचे आमदार फेब्रुवारी २०२० मध्ये मंत्री झाले. 'पुन्हा निवडून येईपर्यंत' हे शब्द काढून टाकावेत. मग उभे राहण्याचा हक्कही शाबूत राहील आणि मंत्रिपदाचे आमिषही संपेल.

कृष्णाकाठ, कागवाड
श्रीमंत पाटील यांच्याबाबतची दुरुस्ती मान्य. मंत्रिपदाचा मुद्दाही मला पटतो, पण तो अपुरा आहे, कारण मंत्रिपद न मिळणाऱ्यालाही इतर अनेक मार्गांनी सत्तेचा लाभ घेता येतो. सीमाप्रश्नावर राजीनामा देणाऱ्यासाठी सरळ अपवाद करता येईल. जो पक्ष न बदलता पुन्हा कौल मागतो, त्याला मुभा असावी. जो पक्ष बदलून येतो, त्याने पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत थांबावे.

अथणीकर
सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत थांबवण्याची शिक्षा मला अजूनही जास्त वाटते. आणखी एक गोष्ट विसरू नये. पोटनिवडणूक आधी २१ ऑक्टोबरला ठरली होती. अपात्रतेचा आणि बंदीचा वाद न्यायालयात असल्यामुळे ती डिसेंबरपर्यंत लांबली. म्हणजे ज्या पोकळीबद्दल आपण बोलता, ती त्या बंदीनेही वाढवली. लोकप्रतिनिधित्व कायद्यात पोटनिवडणुकीसाठी सहा महिन्यांची मुदत आहे. ती दोन महिन्यांवर आणा, ही मागणी मात्र मी आपल्याबरोबर करीन.